भिडल्याची खूण

दीर्घिकांची टक्कर होते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग तारे फुटत असतील ना?" पूर्वी मी शांतपणे समजावून सांगायचे. आता डोकं फिरतं. नाही हो फुटत. दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या तरी तारा ताऱ्याला सहसा शिवतसुद्धा नाही, एवढी मोकळी जागा मधे पडलेली असते. आदळतो तो वायू. ताऱ्यांच्या मधे पसरलेला थंड वायू दोन्हीकडून येतो, एकमेकांवर आपटतो, दाबला जातो, गोल फिरायचं विसरतो आणि सगळाच्या सगळा मधोमध कोसळतो. तिथं मग ताऱ्यांचं पीक येतं. शांत दीर्घिकेत युगानुयुगं लागतील एवढे तारे तिथं पाहता पाहता पेटतात. त्यातले दांडगे तारे लवकर मरतात, मरताना फुटतात आणि उरलासुरला वायू बाहेर हाकलून देतात. वायू संपला की नवा तारा नाही. दोन निळ्या, फिरत्या, देखण्या दीर्घिकांची मिळून एक तांबूस, लंबगोल म्हातारी उरते. पुस्तकात याला विलीनीकरण म्हणतात. तो शब्द बँकांना शोभतो. मला विचाराल तर ही सरळसरळ मारामारी आहे.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी नांदेडला याच विषयावर संशोधन करत होते आणि पोटासाठी लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते. संशोधन म्हणजे दुर्बिणीला डोळा लावून रात्र जागणं नव्हे. भर दुपारी पत्र्याच्या खोलीत, संगणकावर, दुसऱ्यांनी काढलेले फोटो बघायचे आणि जवळजवळ दिसणाऱ्या दोन दीर्घिका खरंच भिडल्यात की नुसत्या एकीच्या मागे दुसरी आली आहे, हे ठरवायचं. लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या डोक्यातून मंडपाचा खांब उगवलेला दिसतो ना, तसं आकाशात फार होतं. ज्यांच्या प्रकाशाची नीट फोड झालेली असते त्यांची अंतरं कळतात. बाकीच्यांचा निवाडा डोळ्यांनी करावा लागतो.

माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, "शेपूट दिसल्याशिवाय लग्न लावायचं नाही, बाई." दोन दीर्घिका जवळ आल्या की एकमेकींच्या ओढीनं त्यांचे आकार वेडेवाकडे होतात, ताऱ्यांच्या लांब शेपट्या बाहेर फेकल्या जातात. ती शेपूट ही भिडल्याची खूण. दोघींचे आकार शाबूत असतील तर त्या लांब लांब आहेत, आपल्याला फक्त एका रेषेत दिसतायत. आणि सरांचं दुसरं वाक्य असं, की ओढ आधी सुरू होते, टक्कर मागाहून. शेपूट दिसली की नुसती कुठं आपटलं ते बघू नका, आधी कोण कुणाला ओढत होतं ते बघा.

लातुरात त्या वर्षी आकाशाकडं बघायची कुणाला शुद्ध नव्हती. क्लासच्या पायी आजूबाजूच्या तालुक्यांतली पोरं त्या गावात येऊन कोसळलेली, त्यांच्यासाठी मजल्यावर मजले चढलेले आणि प्रत्येक इमारतीखाली बोअर. एक आटला की शेजारी दुसरा, अजून खोल. गाव पेटल्यासारखं वाढलं आणि एके दिवशी खालचं पाणीच संपलं. पाण्याच्या टाकीला पोलिसांचा पहारा बसला. आमच्या गल्लीत टँकरच्या पाइपावरून एका बाईनं दुसरीच्या तोंडावर रिकामी कळशी हाणली. ओठ फाटलेली बाई पाइप सोडायला तयार नव्हती. रक्त आणि पाणी एकाच घागरीत पडत होतं आणि तिनं ती घागर तशीच घरी नेली. पाण्यावाचून कॉलेजनं लवकर सुट्टी दिली, म्हणून मी गावी गेले.

आमचं गाव भोकरच्या पुढं, हिमायतनगरच्या अंगाला. गावात एक जुनी विहीर. तिला दोन बाजू, गावाची एक आणि आमच्या बौद्ध वस्तीची एक. कागदावर असं काही नाही, पण कोण कुठं उभं राहून दोर सोडतं ते पिढ्यांपासून ठरलेलं. फक्त एका कामासाठी गाव आमच्या दारात यायचं. विहिरीत पडलेला पोहरा काढायला लोखंडी आकड्यांचा झुबका असतो, त्याला गळ म्हणतात. आमच्या बाबांनी लोहाराकडून तो चांगला वजनदार करवून घेतला होता. गळ मागायला येणाऱ्यानं आपल्या घरचं एक भांडं आमच्याकडं ठेवून जायचं, गळ परत आला की भांडं परत. भांडं न घेता गळ दिला तर देणाऱ्याच्या घरचे पोहरे विहिरीत पडतात, अशी समजूत. बाबा गेले तरी मायनं हा रिवाज सोडला नव्हता. मी हसायचे. ती म्हणायची, "तुपल्या आकाशात रिवाज नसंल, आमच्यात हाय."

त्या आठवड्यात आमच्या फळीवर अण्णांचा तांब्याचा तांब्या होता. अण्णा म्हणजे गावाच्या बाजूचे, माळावर शेत असलेले, पन्नाशीचे, आवाज मोठा, मन तसं वाईट नाही. त्यांचा पोहरा पडला होता म्हणून त्यांनी गळ नेला होता, तो अजून विहिरीच्या काठावरच पडून होता.

त्याच दिवसांत नव्या जिल्ह्याचं आंदोलन पेटलं होतं. आमचा भाग नांदेडपासून तोडून नवा जिल्हा करा, कचेरीच्या एका सहीसाठी दिवस घालवावा लागू नये, अशी मागणी. गावोगावचे लोक फाट्यावर मांडव घालून बसले. अण्णा मांडवात पुढं. माझा धाकटा भाऊही तिथंच, घोषणा द्यायला. त्याची रेल्वेत निवड झाली होती, पोलीस पडताळणी तेवढी राहिली होती. मी म्हटलं, "तू कामून जाऊन राहिलास तिथं? नोकरी लागेपर्यंत गप घरी बस की."

"अक्का, जिल्हा झाला तर सगळ्यांचाच हाय," तो म्हणाला.

रस्त्यावर टायर जाळले, बाभळी आडव्या टाकल्या. दुधाची गाडी सोडली, आजारी माणसाची जीप सोडली. एक टँकर मात्र अडकला तो तीन दिवस तिथंच उभा. उन्हात घोषणा देऊन घसे सुकले तसा कुणीतरी टँकरचा कॉक उघडला. शे-दीडशे माणसं प्यायली, तोंडं धुतली, डोक्यावरचे रुमाल भिजवले. भाऊ प्याला. अण्णाही प्याले. टँकर कोणत्या गावचा हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. तो आमच्याच गावचा होता.

रस्ता मोकळा झाल्यावर टँकर गावात आला तो अर्धामुर्धा. आमच्याकडं टँकरचं पाणी विहिरीत ओतायचं आणि मग ज्यानं त्यानं शेंदून घ्यायचं अशी पद्धत. या पद्धतीइतकी खुळी पद्धत मी पाहिली नाही. रांगेत उभं राहून मिळणारं पाणी आधी खड्ड्यात टाकायचं आणि मग सगळ्यांनी एकदम त्या खड्ड्यावर तुटून पडायचं! पाइपातून गढूळ लोट खाली पडायला लागला आणि तो थांबायच्या आत दोन्ही बाजूंचे पोहरे सुटले.

मी तिथंच होते, मायच्या मागं, घागरी धरून. पोहऱ्यावर पोहरा आपटल्याचा आवाज विहिरीतून असा येत होता की जणू खाली भांड्यांचं दुकान पाडताहेत. दोरात दोर अडकले. एकीनं शेजारणीच्या केसांना हिसडा दिला. कोपर बसून एका म्हाताऱ्याचा चष्मा विहिरीत गेला आणि तो दगडावर डोकं ठेवून आईवरून शिव्या द्यायला लागला. "इकडली बाजू मपली हाय!" "पाण्याला कंची बाजू रे?" गावाची बाजू, आमची बाजू असं काही उरलंच नाही, सगळा गोळा झाला. गर्दीनं मला मायपासून तोडून मागं ढकललं. घागर एकाच्या पायावर पडली, त्यानं मला लाथ घातली. मी उठून उभी राहिले तेव्हा कुणीतरी किंचाळलं, "मेलं, मेलं!" गर्दी फाकली. अण्णा काठावर पालथे पडले होते आणि त्यांच्या डोक्यातलं रक्त दगडाच्या खाचेतून विहिरीत उतरत होतं. भाऊ शेजारी उभा होता. त्याच्या हातात गळ होता.

पाणी नासलं म्हणून ते त्या दिवशी कुणीच नेलं नाही. एवढी मारामारी ज्याच्यासाठी झाली ते तसंच पडून राहिलं.

अण्णांना नांदेडच्या दवाखान्यात हलवलं. पोलिसांनी भावाला उचललं, गळ जप्त केला. पाच-सहा दिवसांनी जामीन झाला. पण त्याआधीच एक फोटो साऱ्या तालुक्यात फिरला. समोरच्या काठावरून कुणीतरी मोबाइलवर काढलेला. भावाचा उजवा हात उंच, हातात गळ, आणि गळाचा आकडा अण्णांच्या डोक्यालगत. पाहणारे काय, दोन्हीकडचे हवे तेवढे. गावाचे म्हणाले मारलं, आमचे म्हणाले न्हाई. खरं तर कुणीच पाहिलं नव्हतं, सगळ्यांचे डोळे खाली पाण्यात. अण्णांनाही कुणी मारलं ते कळलं नव्हतं. सगळी केस त्या फोटोवर उभी, आणि केसवर भावाची नोकरी.

वकील म्हणाले, "फोटोत गळ डोक्याला लागलेला दिसतो, पण लागलाच हे कशावरून? मुलगा मागं असेल, अण्णा पुढं. गळ कुणाचा तरी पोहरा काढायला उचललेला. डोकं निसटलेल्या पोहऱ्यानं फुटलं असं म्हणू." मग माझ्याकडं वळले. "तुम्ही तिथं होतात. शिकलेल्या आहात. दोघांत अंतर होतं एवढं सांगा."

मायनं हे धरूनच ठेवलं. ती घरी येऊन म्हणाली, "तू हेच तर शिकून राहिलीस ना? दोन चिटकलेले दिसले तर खरं भिडलेत का न्हाई ते वळखायचं. मंग सांग की अंतर हाय म्हणून. पोरगा लागंल नोकरीला."

भावाला विचारलं तर तो भिंतीकडं बघत बसला. मायनं त्याला स्वतःची शपथ घातली होती. तोंड उघडायचं नाही.

मी तो फोटो घेऊन नांदेडला गेले आणि आमच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर लावला. मला मनापासून अंतर सापडायला हवं होतं. हे मी कबूल करते, रोज मी जे करते ते त्या दिवशी उलट्या बाजूनं करत होते, उत्तर आधी आणि फोटो मागाहून. सर आले, त्यांनी एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "बाई, हे आपलं काम नाही," म्हणाले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. उठून गेले नाहीत याचं मला बरं वाटलं.

अण्णांच्या डोक्याला पांढरा रुमाल होता. त्याचं एक टोक गळाच्या उलट दिशेला सरळ आडवं फेकलं गेलं होतं. वारा म्हणावा तर शेजारच्या बाईचा पदर खाली लोंबत होता. अण्णांची मान खांद्यात घुसलेली, गाल एका बाजूला सरकलेला. भावाची टाच उचललेली, कमरेपासून वर सगळं अंग पिळवटलेलं. दोघांचेही आकार मोडलेले होते. अंतर नव्हतं. माझ्या भावानं त्या माणसाला जीव खाऊन मारलं होतं. मी पडदा बंद करायला हात पुढं केला.

सरांनी मला थांबवलं. मग म्हणाले, "शेपूट दिसली. आता ओढ बघा."

अण्णांच्या दोन्ही हातांत दोर होता आणि ते मागं रेलून तो ओढत होते. दोर विहिरीत जात नव्हता. काठावर तीन-चार दोरांचा गुंता झाला होता आणि त्यातून एक दोर ताठ होऊन डावीकडं जात होता. दोराच्या शेवटी एक मनगट होतं. आमच्याकडच्या बाया दोर मनगटाला वेढा देऊन ओढतात, घसरू नये म्हणून. ते मनगट मायचं होतं. ती काठावर छातीवर पडली होती आणि अण्णांच्या ओढीनं डोक्यापासून खांद्यांपर्यंत विहिरीवर लोंबत होती. भावाचा उजवा हात फोटोत सगळ्यांनी पाहिला होता. त्याचा डावा हात अण्णांच्या पाठीमागून खाली जात होता. तो कुठं पोचतो ते शोधायला मला फोटो फार मोठा करावा लागला. मुठीत मायचं लुगडं होतं.

मायच्या मनगटाला कापड बांधलेलं मी पाहिलं होतं. दोर घासला, म्हणाली होती. उन्हाळ्यात कुणाचा घासत नाही?

घरी गेले आणि सरळ सांगितलं, "माय, अंतर न्हाई. त्यानं मारलं. अन् तुझ्यापायी मारलं."

तिनं हातातली भाकरी परातीत आपटली. "मपलं नाव मधी आणू नगं! मी पडले व्हते म्हणलं की त्यानं मारलं हे आलंच ना! मी तिथं नव्हतेच. कळलं? मी नव्हतेच!" मग तिनं माझ्या थोबाडीत मारली. शिकायला जाणाऱ्या पोरीला तिनं कधी बोट लावलं नव्हतं.

मीही पेटले. तिचा हात धरला आणि कापड फाडून काढलं. मनगटाभोवती कातडी सोलून निघाली होती आणि आत पिवळा पू धरत होता. डॉक्टरला दाखवलं तर कागदावर येईल म्हणून ती आठवडाभर हळद दाबत होती. भाऊ दारात उभा होता. त्यानं ते मनगट पाहिलं आणि चौकटीवर कपाळ आपटून घेतलं, एकदा नाही, मी धरेपर्यंत. आम्ही तिघं त्या दिवशी एकमेकांवर जेवढं ओरडलो तेवढं बाबा गेले तेव्हाही रडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तिला नांदेडला दवाखान्यात नेलं. अण्णा त्याच दवाखान्यात होते. मायच्या मनात नव्हतं, पण रिवाज तिला सुटेना. घरातून निघताना तिनं अण्णांचा तांब्या पिशवीत टाकला होता. माणूस दवाखान्यात पडलंय, त्याचं भांडं आपल्या फळीवर बरं दिसत नाही, म्हणाली.

अण्णांच्या अर्ध्या डोक्याला टाके. त्यांची बायको आम्हाला पाहून उठली आणि शिव्या द्यायला सुरुवात केली. मायनं पिशवी उघडली. तांब्या स्टुलावर ठेवला आणि मनगट पुढं केलं, नुसतं.

अण्णा त्या मनगटाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्यो दोर तुमच्या हातात व्हता?"

"हाव, अण्णा."

"मला वाटलं, पोहराच गुतला. जड लागला म्हणून अजून जोर लावला मी." त्यांनी स्वतःच्या तळव्यांकडं पाहिलं. "पल्याड माणूस हाय का, बघितलंच न्हाई हो, बाई."

त्यांनी तांब्या घेतला नाही. "गळ पोलिसात हाय. गळ न देता भांडं कसं घेऊ? ठिवा तुमच्याकडंच," म्हणाले.

पुढं मी फोटोत जे पाहिलं ते पोलिसांना सांगितलं, गळ लागला हेही आणि दोरही. भावानं मारल्याचं मान्य केलं. अण्णांनीही दोराचं सांगितलं. तारखांवर तारखा पडल्या आणि शेवटी तडजोड झाली. पण रेल्वे तारखांसाठी थांबत नाही. पडताळणीत गुन्हा दाखल आहे एवढंच गेलं आणि निवड रद्द झाली. त्याचा कागद आला तेव्हा मायनं माझ्याशी बोलणं टाकलं. भाऊ आता भोकरला पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. नवा जिल्हा अजून झालेला नाही. गळ कुठल्या कपाटात गंजतोय ते कुणाला माहीत नाही, आणि अण्णांचा तांब्या आमच्या फळीवर आहे. माय तो चिंच लावून घासते, दुसऱ्याचं भांडं काळं पडायला नको म्हणून.

माझा प्रबंध पुरा झाला तेव्हा पेढे घेऊन घरी गेले होते. जेवताना मायला राहवलं नाही. इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर आलं. "लई मोठी झालीस. येक शब्द बोलली असतीस, अंतर व्हतं म्हणून, तर मपला पोरगा आज रेल्वेत असता."

मी मान खाली घालून जेवत राहिले.

भावानं घास खाली ठेवला. "माय," तो म्हणाला, "मी लांब व्हतो असं अक्कानं सांगितलं असतं, तर मंग तुला धरलं व्हतं कुणी?"

मायनं त्याच्याकडं पाहिलं. मग डाव्या हातानं उजव्या मनगटावरचा वण झाकला आणि मला विचारलं, भाजी वाढू का.